भातसेकाठचा बारमाही मळा

मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसा धरणातून जाते. हे धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्या डोंगरपाड्यांवर मात्र एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहिली जाते. भातसानगरच्या पंचक्रोशीत सेंद्रिय भाजीचा बारमाही मळा करायचा तर शेणखताच्या आधी हे गणित सोडवावे लागते. ज्याच्या शेताला कालव्याचे पाणी पोचते किंवा ज्याची विहीर मे महिन्यात तग धरते, त्यानेच ‘बारमाही’ म्हणावे.

पावसाळ्यात दुखणे उलटे. पाणी धो धो, खाचरात भात, आणि टोमॅटो-फ्लॉवर कुजतात. मग भाजी वरकस माळावर आणि मांडवावर चढते: काकडी, दुधी, शिराळी, पडवळ, कारली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणच्या हवेसाठी काढलेले ‘कोकण तारा’ हे कारले आणि ‘कोकण हरिता’ हे शिराळे इथे कामाचे. फळमाशी आली तर फवाऱ्याऐवजी कामगंध सापळे टांगायचे, किडकी फळे वेचून नष्ट करायची. भात कापला की खाचरातल्या ओलीवर वाल टाकायचा.

पाण्याची सोय असेल तिथे भेंडी. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशी जाते, पण ती तोडणाऱ्याचे हाल कोणी विचारत नाही. तोडा दिवसाआड करावाच लागतो. दोन दिवस चुकले की शेंग जून होते. झाडाची लव अंगाला खाजते, म्हणून बायका हातांत जुने मोजे चढवतात. केवडा रोग पडलेल्या झाडावर इलाज नाही, ते उपटून टाकायचे. हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात. नैसर्गिक शेतीचे प्रसारक सुभाष पाळेकर यांच्या जीवामृताचा ड्रम इथेही दिसतो. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाण्यात. ड्रम ढवळण्यावर शिबिरे भरपूर होतात. विकण्यावर फार थोडी.

खरी गोम तिथेच आहे. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि पाठोपाठ संत सावता माळींच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडे बाजार सुरू केले. सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही. त्याच्यासाठी ‘पीजीएस’ पद्धत आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासून एकमेकांची हमी घेतो. आसनगाव, आटगाव, वासिंदहून लोकल कल्याण-ठाण्याला जाते, म्हणजे गिऱ्हाईकही दूर नाही.

पण गिऱ्हाईकाला ऑगस्टमध्ये फ्लॉवर हवा असतो. जपानमध्ये 1970च्या दशकात ‘तेइकेई’ चळवळीने यावर उपाय शोधला: कुटुंबांनी शेतकऱ्याशी थेट नाते जोडायचे आणि पिकेल ते घ्यायचे. मुंबईतल्या ‘हरी भरी टोकरी’ या भाजीच्या टोपलीच्या उपक्रमाने हाच धागा धरला. शहापुरात तर टोपली भरायला रानही आहे. शेवळे, कंटोली, कुर्डू, टाकळा, भारंगी आणणाऱ्या ठाकूर-कातकरी बायका बाजारात बसतातच. कृषी विभाग 2020पासून रानभाजी महोत्सवही भरवतो. मळ्याने त्यांच्याकडून रोखीने भाजी घेतली तर पावसाळ्यातली टोपली रिकामी राहायचे कारण नाही. महोत्सवातल्या फोटोंपेक्षा हे त्यांना जास्त उपयोगी पडेल.

म्हणून ठाणे-कल्याणच्या वाचकांना एक विनंती. अशा मळ्याच्या टोपलीची आगाऊ वर्गणी भरणार असाल तर ती दिवाळीला नव्हे, मे अखेरीस भरा. बियाणे, मांडवाचे बांबू आणि मजुरी, हा सगळा खर्च तेव्हाच अंगावर येतो.