कार्टिंगचा पाया भाड्याच्या गाड्यांवर घाला!

रेसिंग ड्रायव्हर जेहान दारूवाला आपल्या मुंबईचा. 2011 मध्ये फॉर्म्युला वन संघ फोर्स इंडियाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' शोधमोहिमेत निवडला गेला, पुढे फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकला. सुरुवात कार्टिंगमधूनच!

पण राष्ट्रीय पातळीवर उतरायचं म्हणजे रोटॅक्सचं 125 सीसी टू-स्ट्रोक इंजिन, टायर, मेकॅनिक, वर प्रवास. इंजिन सीलबंद असतं, स्पर्धकाला आत हात घालता येत नाही. हे उत्तमच. पण खर्चाचं काय?

माझं मत: सुरुवातीची लीग भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टवरच व्हावी. कुणाला कोणती गाडी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. हलक्या ड्रायव्हरच्या गाडीला जादा वजन लावायचं. 'सोडी वर्ल्ड सिरीज' जगभर भाड्याच्या कार्टवरच चालते की! ट्रॅकवाल्यांनी वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर करावं, निकाल लॅप टाइमसकट टाकावेत आणि मराठी कॉमेंट्रीसह थेट प्रक्षेपण करावं. (कुस्तीच्या मैदानात निवेदक लागतो, मग इथे का नको?) आणि विजेत्याला देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संस्था एफएमएससीआयने राष्ट्रीय स्पर्धेत बिनखर्ची जागा द्यावी.

पटलं तर तुमच्या जवळच्या ट्रॅकला टॅग करा.