आभार आणि नाते : सातारा व बर्लिन येथील नित्यव्यवहारातील संबोधने

परक्या नगरातील जीवनाची आपल्या गावाशी तुलना करू लागले म्हणजे हवामान, खाणेपिणे, वाहने यांतील भेद प्रथम नजरेत भरतात. भाषाभ्यासकास अधिक उद्बोधक वाटणारा भेद मात्र दुकानातील दोनचार शब्दांच्या देवघेवीत आढळतो. प्रस्तुत टिपणात सातारा व बर्लिन येथील अशा व्यवहाराचा विचार करावयाचा आहे.

बर्लिनमध्ये पाव घेण्यास गेलेले गिऱ्हाईक आत शिरताच 'गुटेन टाग' असे अभिवादन करते. पाव हाती येताच 'डांके' म्हणून आभार मानते. त्यावर विक्रेती 'बिटे' म्हणते आणि निघताना उभयपक्षी निरोपाचे शब्द उच्चारले जातात. हे शब्द गाळणे रूक्षपणाचे मानले जाते. अनोळखी प्रौढ व्यक्ती परस्परांस 'झी' हे मुळात तृतीयपुरुषी अनेकवचनी असलेले सर्वनाम आदरार्थ योजतात. अलीकडे तरुणांत व काही दुकानांतून 'डू', म्हणजे 'तू', रूढ झाले आहे. तथापि प्रौढांत सर्वनाम कोणतेही असो, ते बहुधा दोन्ही बाजूंनी सारखेच असते.

सातारच्या मंडईत 'मावशी, मेथी कशी दिली?' या प्रश्नाने व्यवहारास आरंभ होतो व 'घ्या की ताई, ताजी हाय' असे उत्तर येते. आभार सहसा कोणी मानीत नाही. एवढ्यावरून मराठी भाषकाच्या ठायी सौजन्याचा अभाव आहे, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नव्हे. जर्मन भाषक जे कार्य ठराविक शब्दांनी साधतो, तेच येथे नातेवाचक संबोधनाने साधले जाते. परक्यास क्षणभर आप्त करून घेतले की आभारांचे प्रयोजन उरत नाही. कारण आभार म्हणजे ऋणाची फेड, आणि आप्तांत अशी फेड करावयाची नसते.

बर्लिनमधील दीर्घ वास्तव्यानंतर गावी परतलेल्या प्रस्तुत लेखकाने मावशीने चहाचा पेला पुढे करताच सवयीने 'आभारी आहे' असे म्हटले. 'मी काय परकी झाले होय रे?' एवढेच ती बोलली आणि बराच वेळ गप्प राहिली. बर्लिनमध्ये जो शब्द गाळणे अपराध, तोच येथे उच्चारणे अपराध ठरला.

मात्र या आप्तभावाचा अकारण गौरव करू नये. ब्राउन व गिल्मन यांनी १९६० साली सर्वनामांच्या योजनेत 'सत्ता' व 'सख्य' ही दोन तत्त्वे दाखवून दिली. युरोपीय भाषांत सख्याचे तत्त्व बलवत्तर होत गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठीत ही दोन्ही तत्त्वे एकाच वाक्यात नांदू शकतात. घरकाम करणाऱ्या स्त्रीस 'मावशी' म्हणणारी मालकीण तिला 'तू' म्हणते आणि तिच्याकडून 'तुम्ही'ची अपेक्षा करते, असे कित्येक घरांत आढळते. नाम नाते जोडते, सर्वनाम अंतर राखते. सारांश, नात्याचा शब्द म्हणजे समता नव्हे, आणि आभाराचा शब्द म्हणजे परकेपणाही नव्हे.

यास्तव तुलना करताना शब्दास शब्द न लावता कार्यास कार्य लावून पाहावे. सातारकर निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो; बर्लिनकराच्या 'आउफ वीडरझेएन'चा अर्थही पुन्हा भेट होईपर्यंत असाच आहे. शब्द सर्वस्वी भिन्न. परंतु निरोप घेतानाही भेटीचा धागा तुटू न देणे हे कार्य दोहोंकडे एकच आहे.