एका अक्षराने अडलेला पासपोर्ट

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात, भर पावसात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आयटीआय करून फिटर झालेला, हाताला गुण असलेला मुलगा. मस्कतला काम मिळाले होते. "सर, महिन्याभरात हजर व्हायचंय, पण पासपोर्ट अडलाय," असे म्हणून त्याने प्लास्टिकच्या पिशवीतले कागद टेबलावर मांडले. जन्मदाखल्यावर 'पवार', दहावीच्या गुणपत्रिकेवर 'पोवार' आणि आधार कार्डावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. माणूस एक, कागदोपत्री तिघे. दुरुस्त्या होईपर्यंत तीन महिने गेले, तोवर ती जागा दुसऱ्याने भरली होती.

मला अधिक लागले ते पुढेच. शाळेत जाऊन त्याच्या दहावीच्या परीक्षा अर्जाची प्रत काढली, तर तीवरचे अक्षर माझे होते. घरी म्हणतात तसे मीच 'पोवार' लिहिले होते. जन्मदाखला मागवून ताडून पाहावा, हे मला सुचले नव्हते. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच.

सीमाभागात नावाचा प्रवासच अवघड आहे. नाव घरात मराठीत ठेवले जाते, दप्तरात कन्नडमध्ये नोंदले जाते आणि पासपोर्टवर रोमन अक्षरांत उतरते. दर वळणावर त्यात काही ना काही बदलते. आपला 'त' कर्नाटकातील रूढीनुसार 'टी' आणि 'एच' असा लिहितात. म्हणून सविता, लता, मारुती या नावांत एका कागदावर 'एच' असतो, दुसऱ्यावर नसतो. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा 'अ' स्पष्ट उच्चारतात, त्यामुळे गणेशच्या शेवटी एक जादा 'ए' येऊन बसतो. वडिलांचे नाव आणि आडनाव आद्याक्षरांत उरकण्याची सवयही आपल्याकडे रुजली आहे. पासपोर्टच्या अर्जात मात्र आद्याक्षरे चालत नाहीत, नाव पूर्णच लिहावे लागते.

यात कन्नड भाषेचा दोष नाही. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत. दोहोंचा मेळ कोणी घातला नाही, हे खरे दुखणे. आपले कागद आपल्या भाषेत मिळावेत ही मागणी जुनी आणि रास्त आहे. समिती त्यासाठी झटत आली आहे व झटत राहील. पण मागणी मान्य होईपर्यंत मुलाची नोकरी थांबत नाही आणि मुलीचे बाळंतपणही थांबत नाही.

बाळंतपणाचे मुद्दाम लिहिले. परदेशातल्या लेकीकडे जायचे ठरले की आईच्या कागदांची शोधाशोध सुरू होते. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, जन्मतारीख तर 'शाळेत घातली तेव्हा गुरुजींनी लिहिली तीच'. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी तर जुन्या मुंबई राज्याच्या काळातल्या. जिल्ह्याचे नावही २०१४ मध्ये अधिकृतरीत्या बेळगावी झाले, तेव्हा जुन्या-नव्या कागदांत तोही फरक दिसतो.

वास्तविक पासपोर्ट काढणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. हुबळीला सेवा केंद्र आहे, बेळगाव आणि कोल्हापूरला टपाल कार्यालयात सोय आहे. २०१८ पासून देशातील कोणत्याही केंद्रातून अर्ज करता येतो. पोलिस चौकशी मात्र अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते. प्रौढांचा छत्तीस पानी पासपोर्ट दीड हजार रुपयांत मिळतो आणि दहा वर्षे चालतो. तातडीने हवा असेल तर दोन हजार जास्त मोजावे लागतात. पण पैसे भरून वेळ वाचतो, नावातली चूक सुधारत नाही. पासपोर्ट हाती आल्यावरच व्हिसाचे काम सुरू होते, आणि अनेक देश पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी अशी अट घालतात, हेही लक्षात ठेवावे.

तेव्हा एखाद्या रविवारी घरातले सगळे कागद पुढ्यात घेऊन बसा. प्रत्येकाचे नाव रोमन अक्षरांत कसे आहे ते एकेक अक्षर लावून पाहा. जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसेल तर ते पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, तेव्हा तिथे हयगय नको. दहावीच्या गुणपत्रिकेतील चूक मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे पाठवावी. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून कोणते रूप कायम ठेवायचे ते आधी घरात ठरवा, मगच रांगेत उभे राहा. दहावी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र तर जिवापाड जपा. ते नसेल तर आखातातील अनेक देशांत कामाला जाताना स्थलांतराची वेगळी परवानगी काढावी लागते.

कोणी म्हणेल, परदेशी जायचे कोणाला? जायचे नसले तरी पासपोर्ट काढून ठेवावा. काढताना निदान कागद तरी एका ओळीत येतात. तहान लागल्यावर विहीर खणणारा माणूस त्या दिवशी पाणी पीत नाही.

तो मुलगा पुढे गोव्यात कामाला लागला. आता त्याच्याकडे पासपोर्ट आहे, मस्कतचे काम मात्र पुन्हा आले नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. मीच दर जूनमध्ये आठवी-नववीच्या पालकांना जन्मदाखले घेऊन शाळेत बोलावतो आणि मुलांना स्वतःचे नाव फळ्यावर तिन्ही लिप्यांत लिहायला लावतो. फळ्यावरची चूक डस्टरने पुसता येते, दप्तरातली पुसायला महिने जातात.