चांचा कोणास म्हणावें?

मुखवटा घालून दुष्टांचें पारिपत्य करणारा ‘वेताळ’ कित्येक घरांतील मुलांच्या ओळखीचा झाला, तो ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या चित्रकथांमुळें. अमेरिकन लेखक ली फॉक यांनीं हा ‘फँटम’ १९३६ सालीं वर्तमानपत्रांतील चित्रमालिकेकरितां निर्माण केला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेनें १९६४ पासून त्याच्या कथा पुस्तकरूपानें काढिल्या, आणि मराठी आवृत्तींत त्यास वेताळ हें नांव मिळालें. कोंकणांत तें परकें वाटण्याचें कारण नव्हतें. वेंगुर्ल्याकडील आरवलीचा वेतोबा रात्रीं गांवाची राखण करीत फिरतो व त्याच्या वहाणा झिजतात, अशा श्रद्धेनें भाविक त्यास नव्या वहाणा वाहतात.

या चित्रकथेचा उगम मात्र समुद्रावरचा आहे. सोळाव्या शतकांत चांच्यांनीं एक जहाज लुटलें. त्यांतून वांचलेल्या तरुणानें आपल्या पित्याच्या मारेकऱ्याची कवटी हातीं घेऊन चांचेगिरीचें निर्मूलन करण्याची शपथ वाहिली. पित्यामागून पुत्र तेंच व्रत त्याच मुखवट्यानें चालवितो, म्हणून लोक त्यास अमर समजतात. मूळ कथेंत हे चांचे ‘सिंग’ नांवाचे होते. भारतीय आवृत्तींत त्यांस ‘सिंगा’ करण्यांत आलें. फेरफार एका अक्षराचा; पण चांचा म्हणून कोणाकडे बोट दाखवावयाचें, हा प्रश्न त्या एका अक्षरांत सामावलेला आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर तर हा प्रश्न फारच बोचतो. अलिबागेस ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें तो कुलाबा किल्ला आणि थळसमोरील खांदेरी बेट हीं सरखेल कान्होजी आंग्रे यांचीं बळकट ठाणीं होतीं. या समुद्रांतून जावयाचें तर आमचें दस्तक घ्यावें, असें कान्होजींचें म्हणणें. दस्तक नसलेलीं जहाजें ते पकडीत. इंग्रजांनीं त्यांस चांचा ठरविलें. १७१८ मध्यें इंग्रजांनीं खांदेरीवर, व १७२१ मध्यें इंग्रज आणि पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर चढाई केली, दोन्ही फसल्या. मौज ही कीं, असाच परवाना पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ‘कार्ताझ’ या नांवानें हिंदुस्थानी व्यापाऱ्यांवर लादिला होता. एकाचा परवाना तो कायदा, आणि दुसऱ्याचा तो दरोडा!

पकडलेल्या जहाजाच्या धन्यास अर्थात् दोन्ही सारखेच दुःसह. तें आम्ही नाकारीत नाहीं. तसेंच, मुलांनीं या चित्रकथा वाचूं नयेत, असेंही आमचें म्हणणें नाहीं. ‘इंद्रजाल’ १९९० मध्यें बंद पडलें, तरी घरोघरच्या जुन्या पेट्यांतून त्याचे अंक निघतात आणि नातवंडें त्यांवर तुटून पडतात. दुर्बळाच्या साह्यास धांवणारा वीर त्यांस आवडावा, हें योग्यच आहे. पण वेताळाच्या जगांत आरोप करणारा, न्याय देणारा व शिक्षा करणारा एकच असतो; मुखवट्याआडच्या त्या पुरुषास कोणी जाब विचारीत नाहीं. इतिहासांत तो विचारावा लागतो. म्हणून घरांतील वडील मंडळींनीं मुलांस अलिबागेस न्यावें, किल्ला व कान्होजींची समाधि दाखवावी, आणि ‘यांस चांचा म्हणालें कोण?’ एवढेंच विचारावें. उत्तर तीं स्वतःच शोधतील.