पदवीला दोष देण्याआधी

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी घरोघरी तोच प्रश्न निघतो: आता तीन-चार वर्षे महाविद्यालयात घालवून हाती काय लागणार? प्रश्न रास्त आहे. पोलिस भरतीत शिपाईपदासाठी धावणाऱ्यांत पदवीधर आणि अभियंते असतात, पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत तिशीला टेकलेली मुले परीक्षेच्या तारखेची वाट पाहत बसलेली असतात, हे पालकांना दिसते. केंद्र सरकारचे श्रमबल सर्वेक्षणही त्याला दुजोरा देते. 2022-23 मध्ये 15 वर्षांवरील लोकांतले बेरोजगारीचे एकूण प्रमाण 3.2 टक्के होते, पदवीधरांत मात्र ते 13 टक्क्यांच्या वर. जितके शिकावे तितकी बेकारी वाढते, असा अर्थ यातून काढला जातो आणि चर्चा तिथेच थांबते. मला हे आकडे मान्य आहेत, अर्थ मान्य नाही. आपल्याकडची अडचण उच्च शिक्षण फार झाले ही नसून, अनेकांच्या हाती पदवी पडली तरी शिक्षण पडले नाही, ही आहे.

आधी आकड्यांविषयी. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडतच नाही. सकाळी मजूर नाक्यावर उभे राहून मिळेल त्या दराने तो काम उचलतो आणि सर्वेक्षणात त्याची गणना रोजगार असलेल्यांत होते. पदवीधर थांबतो, कारण घरच्यांनी त्याच्यासाठी चार वर्षे पोटाला चिमटा घेतलेला असतो आणि त्या कष्टांचे चीज होईल असे काम त्याला हवे असते. म्हणजे एका बाजूला नाइलाज आणि दुसऱ्या बाजूला प्रतीक्षा, अशी ही तुलना आहे. ती प्रतीक्षा पाच-सहा वर्षे लांबते तेव्हा तिच्यात उमेदीचा काळ जळतो, हे नाकारता येणार नाही. पण नोकऱ्या निर्माण करणे हे उद्योगांचे आणि शासनाच्या धोरणाचे काम आहे. त्यांचा तुटवडा महाविद्यालयाच्या खात्यावर मांडणे योग्य नव्हे. शिवाय ‘सगळेच पदवीधर झाले’ ही समजूतही चुकीची आहे. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 18 ते 23 वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातली नोंदणी 28.4 टक्के होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2035 पर्यंत 50 टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे उद्दिष्टाची निम्म्याहून थोडीच अधिक वाट सरली आहे.

महाविद्यालय नेमके काय देते हे पाहायचे तर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाकडे पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि 1950 मध्ये औरंगाबादेत हे महाविद्यालय सुरू केले. मराठवाडा निजामी राजवटीतून नुकताच मोकळा झाला होता आणि या भागाला स्वतःचे विद्यापीठ मिळायला 1958 साल उजाडायचे होते. ज्यांच्या घरात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले तिथे आली. त्यांतल्या कितीजणांना नोकरी लागली हा हिशेब महत्त्वाचा आहेच, पण तिथे घडलेले सगळे त्या हिशेबात मावत नाही. म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक त्या परिसरात होते. साठच्या दशकाच्या अखेरीस पानतावण्यांनी सुरू केलेल्या ‘अस्मितादर्श’ नियतकालिकाने दलित लेखकांना हक्काचे पान दिले, आणि पुढच्या काळात मराठी साहित्यात कोणी, कशाविषयी आणि कोणत्या बोलीत लिहायचे याच्या कल्पनाच बदलल्या. वसतिगृह, ग्रंथालय, वाद घालायला मित्र आणि लिहिलेले वाचून ‘हे पुन्हा लिही’ म्हणणारा शिक्षक हे सगळे एका ठिकाणी आल्यावर हे शक्य झाले. रोजगाराच्या कोणत्याही तक्त्यात या बदलाला रकाना नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये ‘कमवा आणि शिका’च्या पायावर शिवाजी महाविद्यालय उभे केले, तेही याच विश्वासावर: शिकलेला पहिला मुलगा घराची पुढची दिशा बदलतो.

जो कधी महाविद्यालयात गेला नाही त्यालाही या शिक्षणाचा लाभ पोचतो, हे सहसा ध्यानात येत नाही. ज्या शेतकऱ्याने खारवट रानात ‘फुले 265’ ऊस लावला, त्याने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रात झालेल्या संशोधनाचे फळ घेतले. असे वाण तयार व्हायला अनेक हंगाम निवड, चाचण्या आणि नोंदी कराव्या लागतात. तो धीर आणि ती शिस्त शिकलेली माणसे कृषी महाविद्यालयांतच तयार होतात.

यावर हमखास एक आक्षेप येतो: आता सगळे ज्ञान मोबाइलवर आहे, मग वर्गात बसायचे कशाला? हळदीचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. जखमेवर हळद लावावी हे आपल्याकडे प्रत्येक आजीला ठाऊक होते. तरीही 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपीतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 चा एक भारतीय वैद्यकीय लेख असे पुरावे मांडले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. माहिती सगळ्यांकडे होती. ती पुराव्यानिशी उभी करण्याची क्षमता मोजक्यांकडे होती. आज यंत्रच उत्तरे लिहून देऊ लागल्यावर कोणते उत्तर कशावरून खरे, हे तपासता येणाऱ्यांची गरज वाढलीच आहे. ही सवय एकट्याने लागू शकते, पण बहुतेकांना ती लागते प्रयोगवहीतली चूक दाखवणाऱ्या शिक्षकामुळे आणि न पटलेले मत मांडणाऱ्या सहाध्यायामुळे.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. सगळ्यांनी पदवी घेण्यापेक्षा आयटीआयमधून वायरमन किंवा फिटर व्हावे, असे सुचवले जाते. चांगला वायरमन हा कुशल माणूस आहे आणि त्याला अधिक मान, अधिक पैसा मिळायला हवा. मात्र हा सल्ला कोणाला दिला जातो हेही पाहावे. देणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा पदवीच्याच वाटेवर असतात. हाताचे काम निवडीने यावे, ऐपतीने ठरू नये, आणि आयटीआयनंतर पुढे पदविका, पदवीपर्यंत जाण्याची वाट रुंद असावी.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी तातडीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास 22 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बारावीनंतर जवळ महाविद्यालय असेल, शुल्क झेपत असेल, तर ‘अजून शिकतेय’ हे मुलीच्या हातातले भक्कम कारण ठरते. म्हणून 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ करण्याचा राज्य शासनाचा निर्णय मोलाचा आहे. खोलीभाडे, खाणावळ आणि एसटीचा खर्च मात्र उरतोच, आणि अनेकींचे शिक्षण तिथेच अडते.

आता रिकाम्या पदवीविषयी. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे राज्याबाहेर जाणाऱ्या मुलांना इथेच जागा मिळाल्या, हे खरे. पण इमारती जितक्या झपाट्याने उभ्या राहिल्या तितक्या झपाट्याने चांगले शिक्षक तयार झाले नाहीत. अनुदानित महाविद्यालयांतही निवृत्त प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. नेट-सेट झालेले, पीएचडी केलेले तरुण तासिका तत्त्वावर, सुट्टीतल्या महिन्यांचे मानधन न मिळता शिकवतात आणि चरितार्थासाठी दुसरे काम शोधतात. अशा शिक्षकाला तास संपल्यावर विद्यार्थ्यासाठी थांबणे परवडत नाही. मग विद्यार्थी गाइड पाठ करून उत्तीर्ण होतो, पदवी घेतो आणि मुलाखतीत अडखळतो. प्रवेश घेताना पालक इमारत आणि शुल्क पाहतात. किती विषयांना पूर्णवेळ शिक्षक आहेत आणि ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हेही त्यांनी विचारावे. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या रिकाम्या जागा कधी भरणार, हा प्रश्न प्राध्यापकांच्या संघटनांवर न सोडता त्यांनी आपल्या आमदारापुढेही मांडावा.