दुसऱ्याचं सोनं, सोळाव्या वर्षी

कमावती पोरं : लेखांक सातवा

आज दुसराच विषय मांडायचा होता. तो पुढच्या रविवारी मांडू, कारण खटाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर लांबवून चालणार नाही. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. दिरांचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. ते म्हणतात, पोराला पाठवून द्या, हाताखाली तयार करतो. पोरगं त्याच्याही पुढे, दोन वर्षांत स्वतःचं दुकान टाकतो म्हणतंय. ताईंचे प्रश्न दोनच : पाठवू का? आणि दुकान टाकलंच तर ते कुणाच्या नावावर?

ताई, या प्रश्नाची वाट मी ही लेखमाला सुरू केल्यापासून पाहत होतो. मिसरूड फुटायच्या आत धंद्याला लागलेल्या पोरांची आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट गलाईची आहे, आणि कृष्णाकाठच्या वाचकांनासुद्धा ती धड माहीत नसते.

कऱ्हाड-वाळव्याचा ऊस मागे टाकून पूर्वेला निघालं की जमीन बदलते. सह्याद्रीने पाऊस अडवून धरलेला. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा वर्षानुवर्षं आभाळाकडे बघत जगला. इथून कुणी पलटणीत गेलं, कुणी मुंबईच्या गोदीत आणि माथाडीत. आणि विटा-खानापूरच्या आसपासच्या गावांतून पोरं गेली गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायला. १९७२च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. आज देशाच्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात मागच्या बोळात शिरा. भट्टीपाशी बसलेला माणूस तिथल्या सोनाराशी तमिळ, मल्याळी किंवा बंगालीत बोलेल आणि फोनवर गावच्या यात्रेची वर्गणी अस्सल माणदेशीत विचारेल.

शेतकऱ्याच्या पोराला सोनं कसं कळलं, असं लोक विचारतात. शिकण्याची रीत ठरलेली होती. पहिले काही महिने झाडू, पाणी, चहा. मग भट्टी : मूस तापवायची, टाकणखार किती टाकायचा, रस फिरू लागला की कधी ओतायचं. तेजाबाला हात सगळ्यात शेवटी.

हा तेजाबाचा भाग जरा जवळून बघू, कारण खरं डोकं तिथे लागतं. जुना दागिना आटवला तर त्यात सोन्याबरोबर तांबं, चांदी आणि डाग देताना गेलेलं सगळं असतं. नायट्रिक ॲसिड चांदी-तांबं खातं, सोन्याला शिवत नाही. पण सोनं जास्त असेल तर ते चांदी-तांब्याला कवचासारखं झाकून टाकतं आणि ॲसिड आत पोचत नाही. म्हणून शुद्ध करायच्या सोन्यात आधी चांदी मिसळायची! सोनं एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शावर आणायचं. दहा ग्रॅमच्या बावीस कॅरट दागिन्यात सोनं ९.१६ ग्रॅम, म्हणजे साधारण साडेसव्वीस ग्रॅम चांदी घालावी लागते. शाळेत गणितात नापास झालेली पोरं हा हिशेब तोंडी करताना मी पाहिली आहेत. मग तो मिश्र धातू पातळ करून तेजाबात सोडायचा. तांबूस धूर उठतो, पाणी निळसर-हिरवं होतं आणि तळाशी तपकिरी गाळ उरतो. चहाच्या चोथ्यासारखा दिसणारा हा गाळच सोनं. धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातला की पिवळी धमक लगड बाहेर येते.

उरलेलं पाणीही टाकून देत नाहीत. त्यात तांब्याच्या पट्ट्या ठेवल्या की चांदी करड्या रव्याच्या रूपात खाली बसते. त्या पाण्यात लोखंड टाकलं की तांबंही परत मिळतं. सोनाराच्या दुकानातला केर, हात पुसायचं फडकं, जुनी पायपुसणी, सगळं विकत घेऊन जाळायचं, धुवायचं आणि त्यातला कण न् कण काढायचा. मोजक्या भांडवलात उभा राहणारा असा दुसरा धंदा मला ठाऊक नाही. भट्टी, मूस, तेजाब, काटा आणि एक खोली.

आणि दुसऱ्याचं सोनं. मला सगळ्यात जास्त भुलवतं ते हेच. परमुलखातला सोनार, त्याची भाषा न येणाऱ्या पोराच्या हातात लगड देतो आणि आपल्या कामाला निघून जातो. या कामात चोरी करायला जागा पावलोपावली : मुशीला चिकटलेलं, पाण्यात गेलेलं, टंच काढताना कापलेलं. तरी सोनं दिलं जात होतं, कारण पोरगं एकटं नव्हतं. ते कुणाचा तरी भाचा-पुतण्या होतं, अमक्या गावचं होतं. एकाने गडबड केली तर त्या बाजारात गावातल्या पुढच्या पोराला कुणी दारात उभं केलं नसतं. जामीन सगळं गाव होतं आणि कागद एकही नव्हता.

आता कायदा बघा. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही. कलकत्त्याच्या धर्मदास घोष या मुलाने वयात येण्याआधी घर गहाण टाकून सावकाराकडून कर्ज काढलं होतं. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की तो व्यवहार मुळातच रद्द, आणि सावकाराने दिलेले पैसेही बुडाले. म्हणजे आपल्या पोरांनी ज्या वयात किलोकिलोने सोनं गाळलं, त्या वयातल्या त्यांच्या सहीला कोर्टात काडीची किंमत नव्हती.

त्यात सुवर्ण नियंत्रण आलं. १९६३ साली चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. १९६८च्या कायद्यात लगड बाळगणं हाच सामान्य माणसाला गुन्हा होता आणि गाळणाऱ्याला परवाना लागत होता. गलाईवाल्याच्या हातून तर लगडच बाहेर पडते. १९९०मध्ये तो कायदा गेला तेव्हा या धंद्याने मोकळा श्वास घेतला. त्या सत्तावीस वर्षांवर एक स्वतंत्र लेखांक लिहायचा आहे.

ताई, आता तुमचं उत्तर. दुकान आज तुमच्या किंवा दिरांच्या नावावर राहू द्या. मुलाला भागीदार करता येत नाही, पण दुकान मोठ्यांच्या भागीदारीत असेल तर १९३२च्या भागीदारी कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे सगळ्या भागीदारांच्या संमतीने नफ्यात वाटा देता येतो. एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवा. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने भागीदार व्हायचं की नाही हे जाहीर करायचं असतं. गप्प राहिला तर कायदा त्याला भागीदार धरतो, आणि वाटा मिळू लागला त्या दिवसापासूनची देणी त्याच्या अंगावर येतात. बँकेत बचत खातं तो आत्ताही स्वतःच्या सहीने चालवू शकतो. दहा वर्षांवरच्या मुलांना रिझर्व्ह बँकेने ती मुभा दिली आहे. खातं जरूर काढा. आपल्या पैशाचा हिशेब त्याचा त्याला लिहू द्या.

पण पाठवू का, याला माझं उत्तर आत्ता नको असं आहे. बालकामगार कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावणं बंद झालं आहे. तो तांबूस धूर ज्याने एकदा छातीत घेतलाय, तो या कामाला धोकादायक म्हणायला कायद्याची वाट बघणार नाही. केर धुताना पारा वापरला तर त्याची वाफ आणखी वाईट. जुन्या पिढीतल्या खोकणाऱ्या माणसांना आजही विट्याच्या बाजारात भेटता येतं. त्यांच्या वेळी घरी ज्वारी नव्हती म्हणून ते गेले. तुमच्या मुलापुढे ती सक्ती नाही. बारावी होऊ द्या, रसायनशास्त्र नीट शिकू द्या. सुट्टीत काकांकडे जाऊन काटा, वही आणि गिऱ्हाईक शिकू द्या, भट्टीपासून लांब बसून. २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि यंत्र क्षणात कस सांगू लागलं, पण अखेरचा निवाडा अजूनही आगीतल्या परीक्षेचाच मानतात. ती परीक्षा पुस्तकातून समजलेला गलाईवाला पुढच्या काळात जास्त टिकेल.

आणि गलाईच्या घरांतल्या वाचकांना एक विनंती. कुणी कुणाला, कोणत्या साली, कोणत्या गावी नेलं, याची माहिती तुमच्या आजोबांच्या चोपड्यांत आणि पत्रांत पडून आहे. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. पहिलं दुकान टाकलं तेव्हा आजोबांचं वय काय होतं, तेवढं तरी मला लिहून कळवा.