कसम परेडला आई-वडिलांनी कसे जावे?
(खर्चाची आखणी करणाऱ्या कुटुंबांसाठी थोडी माहिती)

सैन्यात भरती होण्याची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते व बाबासाहेबांचा जन्मही १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीतच झाला. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आजही आपल्या जिल्ह्यातील वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या भागांतील मुले पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करताना दिसतात. मुलगा भरती झाला की पेढे वाटले जातात. परंतु काही महिन्यांनी परेडचे बोलावणे येते तेव्हा मात्र घरात पैशाची चिंता सुरू होते. हा खर्च अचानक आलेला नसतो. तो भरतीच्या दिवसापासूनच ठरलेला असतो, एवढे लक्षात घेतले तर बहुतेक कुटुंबांना तो झेपू शकतो.

कसम परेड म्हणजे काय?

प्रशिक्षण पूर्ण झालेला जवान राष्ट्रध्वजाच्या व आपापल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने शपथ घेतो. त्या शपथेनंतर तो ‘रिक्रूट’ राहत नाही, सैनिक होतो. अनेक केंद्रांत या प्रसंगी आई-वडिलांना ‘गौरव पदक’ देण्यात येते. अधिकारी होणाऱ्या तरुणांच्या बाबतीत देहरादूनच्या अकादमीत आई-वडील स्वतःच्या हाताने मुलाच्या खांद्यावर तारे लावतात. म्हणजे पालक हे तेथे केवळ प्रेक्षक नसतात. ज्या आईने मजुरी करून मुलाला शिकविले, तिने हा सोहळा स्वतः पाहावा, हा तिचा हक्कच आहे.

जायचे कोठे?

हे मुलाच्या रेजिमेंटवर अवलंबून असते. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आपल्या जवळ कामठीला आहे. तोफखान्याचे एक केंद्र नाशिक रोडला व दुसरे हैदराबादला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आणि नौदलाच्या अग्निवीरांचे ओडिशात चिल्का येथे आहे. कामठीचा खर्च आणि चिल्क्याचा खर्च यांत मोठा फरक पडतो. म्हणून मुलगा रुजू होताच केंद्राचे नाव व जवळचे रेल्वे स्टेशन वहीत लिहून ठेवावे.

सागरचेच उदाहरण घेऊ. यवतमाळ शहरातून मोठ्या रेल्वेची सोय नसल्याने बहुतेकांना प्रथम एस. टी. ने नागपूर किंवा धामणगाव गाठावे लागते. नागपूरहून इटारसी, भोपाळ मार्गे बीना हे अंतर साधारण सव्वापाचशे किलोमीटर आहे. बीनाला गाडी बदलून सागर सुमारे ७५ किलोमीटर. जाणे-येणे, मुक्काम व परेड मिळून चार दिवस धरावेत. चार दिवसांची मजुरी बुडते, तीही खर्चातच मोजावी.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल तीन माणसांचा हिशेब असा मांडता येईल : प्रवास ४,५०० रुपये, मुक्काम १,५००, जेवण १,५०० आणि अडीअडचणीसाठी १,५००, एकूण ९,००० रुपये. प्रत्यक्ष भाडे चौकशी करूनच ठरवावे. अनेक केंद्रांत अग्निवीरांचे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे, म्हणजे सुमारे सात महिन्यांचे असते. सात महिन्यांत ९,००० रुपये म्हणजे महिन्याला साधारण १,३०० रुपये बाजूला काढणे आले.

शेतकरी कुटुंबाने आणखी एक गोष्ट पाहावी. मुलगा १ नोव्हेंबरला रुजू झाला तर ३१ आठवडे ६ जूनला पूर्ण होतात. तेव्हा मृग तोंडावर आलेला असतो आणि हातातला पैसा बियाणे-खतात गेलेला असतो. म्हणून कापूस विकला जातो त्याच वेळी परेडची रक्कम वेगळी काढून बँकेत किंवा पोस्टात ठेवावी.

ऐनवेळी सावकाराकडे जाऊ नये. शेकडा ५ रुपये दरमहा व्याजाने ९,००० रुपये घेतले आणि मुद्दल दहा महिने तसेच राहिले, तर ४,५०० रुपये नुसते व्याज होते. बचत गटाचे शेकडा २ रुपयांचे कर्ज घेतले तर तेच व्याज १,८०० रुपये होईल, आणि हप्त्याने फेडल्यास त्याहूनही कमी. अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये वेतन असले तरी त्यातील ९,००० रुपये सेवा निधीत जमा होतात. मुलाने घरी पैसे पाठविले तर ते जरूर घ्यावेत. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

सवलती व तिकिटे

१) महाराष्ट्राच्या हद्दीत एस. टी. मध्ये महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. आधार कार्ड जवळ ठेवावे.

२) रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. आजी-आजोबांचे पूर्ण भाडे धरावे.

३) पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे पडते.

४) १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. तारीख पक्की कळताच त्याच दिवशी तिकीट काढावे. तत्काळ तिकीट महाग पडते आणि पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत.

५) परतीचे तिकीटही जातानाच काढावे.

मुलाचा फोन आला की तीन गोष्टी आठवणीने विचाराव्यात : किती पाहुण्यांना परवानगी आहे, नावे व ओळखपत्रे कधीपर्यंत कळवायची आणि राहण्याची काही सोय आहे काय. हे न विचारता गावाहून जीपभर पाहुणे नेले तर खर्च वाढतो आणि फाटकाशी खोळंबा होतो. प्रथम आई-वडील किंवा ज्यांनी सांभाळ केला ते, नंतर बहीण-भाऊ, हा क्रम ठेवावा. बाकीच्यांना गावातील सत्कारात सहभागी होता येईल. जवळपासच्या गावांतील दोन कुटुंबांनी मिळून जावे. मुक्कामाचा खर्च वाटला जातो आणि प्रथमच परप्रांतात जाणाऱ्यांना सोबत होते.

समाजाने काय करावे?

गावातील ६० सभासदांनी प्रत्येकी २५० रुपये एकदाच दिले तर १५,००० रुपयांचा फिरता निधी उभा राहतो. त्यातून गरजू कुटुंबाला बिनव्याजी रक्कम द्यावी व दहा हप्त्यांत परत घ्यावी. ही मदत म्हणजे उपकार नव्हे. परतफेड झाली की तोच पैसा पुढच्या घराला उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांनीही यात वाटा उचलावा. आरक्षणाचा अर्ज भरणे, गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून देणे, कमी शिकलेल्या पालकांना मार्ग समजावून सांगणे, एवढे काम शाळा-कॉलेजातील मुले सहज करू शकतात.

काही घरांना एवढे करूनही जाणे जमणार नाही. आजारपण असते, पेरणी असते. त्यांनी मन लहान करू नये. शपथेचे मोल त्याने कमी होत नाही. परंतु केवळ आठ-नऊ हजार रुपये वेळेवर जमले नाहीत म्हणून एखादी आई घरी राहिली, असे आपल्या वस्तीत घडू नये. रुजू होण्याचे पत्र हाती येईल त्याच दिवशी पहिले शंभर रुपये बाजूला ठेवावेत.